नडगी दुखते म्हणून आलेली मुलगी : खाण्याच्या आजारात व्यायामाची जागा

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पंधरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. तक्रार एका ओळीची होती. उजवी नडगी दुखते, पंधरा दिवसांनी निवड चाचणी आहे, तोवर बरी करून द्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे, धावणाऱ्या मुलामुलींच्या नडग्या हे माझं रोजचं काम. नागपुरात मृगाचा पत्ता नव्हता, पारा बेचाळीसच्या वर होता, आणि कूलरसमोर बसलेल्या या मुलीने पूर्ण बाह्यांचा जाड स्वेटशर्ट घातला होता. नाडी बघायला हात हातात घेतला, तर तो माठाला लावल्यासारखा गार.

(तिची आणि घरच्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वजनाचे आणि कॅलरीचे आकडे मात्र मुद्दाम दिलेले नाहीत. हे वाचणाऱ्यांत तिच्यासारखी एखादी मुलगी असेलच, आणि या आजारात दुसरीचा आकडा दिसला की त्याच्याशी स्पर्धा सुरू होते.)

नाडी ४४ भरली. आई कौतुकाने म्हणाली, "सर म्हणतात, धावणाऱ्यांची नाडी अशीच असते." हे अर्धं खरं आहे. सरावाने हृदय बळकट होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून नाडी मंद होते. पण असं हृदय उठून उभं राहिल्यावर फारसं बिचकत नाही. मी तिला पाच मिनिटं झोपवलं, मग उभं केलं. दोन मिनिटांनी नाडी ९२ होती आणि तिने टेबलाची कड धरली होती. झोपून घेतलेला रक्तदाब ८६/५४. उपाशी शरीर खर्च वाचवण्यासाठी हृदयाचा वेग कमी करतं आणि साधं उभं राहणंही त्याला झेपत नाही. नाडीचा आकडा तोच असतो, त्यामागची कथा अगदी उलटी असते. किशोरवयात दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली आणि उभं राहिल्यावर एवढी मोठी उडी, हे दाखल करण्याचं कारण मानलं जातं.

पाळी सात महिने आली नव्हती. "धावणाऱ्या मुलींची थांबतेच ना," हे उत्तर दोघींनी एकदमच दिलं. पाठीवर बारीक, मऊ लव उगवलेली. नडगीवर नाण्याएवढी एकच जागा, बोट ठेवलं की कळ. तिला त्या पायावर एक उडी मारायला सांगितलं. तिने मारली, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही, मग लगेच विचारलं, "अजून मारू?"

सगळ्यात शेवटी मी विचारलं, "आणि एखाद्या दिवशी धावायला जमलं नाही तर?"

ती आधी आईकडे बघत राहिली, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. "मग जेवायचं कसं?"

हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. तिकीट नसेल तर गाडीत बसायचं कसं, इतक्या सरळपणे तिला तो प्रश्न पडला होता. त्या दिवशी मी नडगीला हात लावला नाही. बालरोगतज्ज्ञांना फोन करून तिला तिथूनच पुढे पाठवलं.

सुरुवात कुठून झाली, ते नंतर हळूहळू जुळत गेलं. आदल्या वर्षीच्या नवरात्रात तिने पहिल्यांदा नऊ दिवस कडक उपास केले आणि एक दिवस कोराडीच्या देवीला पायी गेली. घरात, बिल्डिंगमध्ये, शाळेत सगळ्यांनी वाखाणलं. दसऱ्यानंतरच्या शर्यतीत तिची वेळ थोडी सुधारली आणि मैदानावर कोणीतरी म्हणालं, "हलकी झाली, म्हणून पळाली." उपास संपला, पण खाणं पूर्वपदावर आलंच नाही. आधी तूप गेलं, मग भात, मग रात्रीचं जेवण. धावणं मात्र वाढत गेलं. पहाटे साडेचारला ती गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारायची, पाचला अंबाझरी तलावाकडे धावायला निघायची. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने चार मजले दिवसातून सात-आठ वेळा चढायची. अभ्यास उभ्याने. आठ महिन्यांत वजनाचा जवळपास पाचवा भाग गेला.

आणि हे सगळं आपल्याकडे सद्गुणांच्या यादीत बसतं. पहाटे उठते, उपास करते, तेलकट खात नाही, आईला मदत करते, मोबाइलवर लोळत नाही. कोणत्या आईला यात आजार दिसेल? फक्त आजी म्हणत होती, "पोरगी वाळून राहिली," आणि आजीचं नेहमीचंच म्हणून कोणी ते मनावर घेतलं नाही.

मानसोपचारतज्ज्ञांनी निदान लिहिलं : अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, सोबत सक्तीचा व्यायाम, म्हणजे स्वतःलाच थांबवता न येणारा. या नावाचा शब्दशः अर्थ भूक मरणं असा होतो आणि तो दिशाभूल करतो. तिला भूक लागत होती, चोवीस तास लागत होती. ती फोनवर पाककृती बघायची, रविवारी घरासाठी पाटवडीचा रस्सा करायची, सगळ्यांना आग्रहाने वाढायची आणि स्वतः एक वडीही तोंडात टाकायची नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्या तरुणांनाही अन्नाखेरीज दुसरं काही सुचेना आणि त्यांच्यातले काही पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. उपासमार मेंदूलाही होते.

रुग्णालयात बारा दिवस गेले. ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि विशेषतः फॉस्फेट रोज तपासलं जाई, कारण बराच काळ उपाशी असलेल्या शरीरात अन्न परत सुरू झालं की फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला ताणाची चीर दिसली. डेक्सा तपासणीत हाडांची घनता वयाच्या मानाने बरीच कमी निघाली. तिला पूर्ण विश्रांती सांगितली होती. तिसऱ्या रात्री आजी सोबतीला होती. सकाळी राउंडच्या वेळी तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, ही रातभर चादरीखाली सायकल चालवून राहिली." मी दुपारी जाऊन बसले. चादर खरंच हलत होती, घोट्यांपासून, एका लयीत, आणि वरती तिचा चेहरा शांत, हातात पुस्तक.

या अस्वस्थ हालचालीला हट्ट समजण्याची चूक बहुतेक घरं करतात, आणि आमच्यातलेही करतात. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल यांनी या आजाराला हे नाव दिलं, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की एवढ्या खंगलेल्या मुली अस्वस्थपणे सतत हालचाल करत राहतात. १९६७ साली उंदरांवर झालेला एक प्रयोग मला याबाबत फार बोलका वाटतो. उंदरांना दिवसातून एकच तास अन्न द्यायचं. पिंजऱ्यात पळण्याचं चाक नसेल तर ते या वेळापत्रकाला जुळवून घेतात. चाक असेल तर ते दिवसेंदिवस जास्त पळतात, कमी खातात, आणि थांबवलं नाही तर मरतात. उंदराला आरशाची आणि इन्स्टाग्रामची फिकीर नसते. अंगावरची चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक घटतं, आणि त्याचा या हालचालीशी संबंध आहे. म्हणजे उपाशीपणातून धावणं वाढतं आणि धावण्यातून उपाशीपणा. "स्वस्थ बस" म्हणून ओरडणं म्हणजे ताप आलेल्याला थंड हो म्हणण्यासारखं आहे. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. इतके महिने तिला वाटत होतं, पोरगी आपलं ऐकत नाही.

बाबांचं इतवारीत किराण्याचं घाऊक दुकान. त्यांचा प्रश्न रोखठोक होता : "एवढं नुकसान होऊन राहिलं तर धावणं कायमचं बंद करून टाका ना. कुलूपच लावा." मी त्यांना त्यांच्याच गल्ल्याचं उदाहरण दिलं. दिवसाला शंभर रुपये गल्ला, त्यातले साठ एकट्या ट्रकभाड्यात गेले, तर उरलेल्या चाळिसात वीजबिल, नोकरांचे पगार, घरखर्च कसा निघेल? दुकान आधी कुठे हात आखडेल? ते लगेच म्हणाले, "रंगरंगोटी, दुरुस्ती. जे आज न केलं तर चालते ते." शरीरही तेच करतं. पाळी बंद, हाडांची बांधणी बंद, हातपाय गार, हृदय मंद. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला खेळाडूंमधली सापेक्ष ऊर्जा-तूट असं नाव दिलं, आणि २०१८ व २०२३ मध्ये त्याची मांडणी सुधारली. त्याआधी ती फक्त मुलींची गोष्ट मानली जायची, पण मुलांमध्येही ती असते. आयुष्यभर पुरणारं हाड मुख्यतः याच वयात बांधलं जातं. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरकही घटलेलं असतं, आणि ते नसताना कितीही धावलं तरी हाड घट्ट होत नाही, उलट चिरतं. तेव्हा आज धावणं बंद, यावर माझं आणि त्यांचं एकमत होतं.

कायमचं बंद हे मात्र मला मान्य नव्हतं. ही मुलगी पुढची साठ-सत्तर वर्षं अशाच जगात राहणार, जिथे रस्ते आहेत, जिने आहेत, अंबाझरीचा पहाटेचा वारा आहे. तिला व्यायामाशी नातं ठेवावं लागणारच. आपण कुलूप लावलं तर ती चादरीखाली पळणार. शिवाय उपासमारीने गेलेले स्नायू नुसत्या खाण्याने पूर्ववत होत नाहीत. देखरेखीखाली केलेले हलके ताकदीचे व्यायाम वजन वाढण्याच्या आड येत नाहीत आणि ताकद परत आणतात, असं किशोरवयीन रुग्णांवरच्या छोट्या अभ्यासांतही दिसलं आहे. क्रम मात्र ठरलेला हवा : आधी अन्न आणि हृदय, मग हाड, मग हालचाल.

घरी गेल्यावर उपचार कुटुंबाच्या हातात आले. ही पद्धत १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आकाराला आली आणि आज किशोरवयीनांसाठी तीच पहिली निवड मानली जाते. काय खायचं, किती खायचं, हे काही काळ आईबाबा ठरवतात. मुलीला दोष नाही, आईबापांनाही नाही, आणि कोणी उपदेश करायचा नाही. तीन जेवणं, तीन मधली खाणी. बाबांनी दुपारी दुकान भावावर सोपवून घरी जेवायला यायला सुरुवात केली. एकेक जेवण दीड-दीड तास चालायचं. ताट भिंतीवर गेलं, तेही झालं. जेवणानंतरचा तास सगळ्यात वाईट, कारण तेव्हा तिचे पाय उचलले जायचे. त्या तासाला आजी तिच्यासमोर बसून वाती वळायची आणि तिलाही वळायला लावायची. एवढंच. पण हात गुंतले की पाय थांबायचे, आणि आमच्यापैकी कोणालाही हे सुचलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये नाडी ५८ झाली, उभं राहिल्यावरची उडी कमी झाली, रक्त ठीक. मी पहिला कार्यक्रम दिला : झोपून श्वसन, सावकाश ताण, रबरी पट्ट्यावर हलके व्यायाम. आणि इथे माझी चूक झाली. सवयीप्रमाणे मी कागदावर लिहिलं, प्रत्येकी १० वेळा, दिवसातून एकदा. पंधरा दिवसांत वजन घसरलं, नाडी पुन्हा ५० च्या आत. मी विचारलं, ती गप्प. चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही दहा लिहिलं होतं. दहा केले की कमी वाटायचं. मग दहाचे दहा." बाथरूममध्ये, नळ सोडून.

मी तिच्या हातात आकडा दिला होता, आणि आकडा हेच तर तिच्या आजाराचं खाद्य. आम्ही सगळं थांबवलं. शिक्षा म्हणून नाही, हे मी तिला समोर बसवून सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. नाडी सुधारल्यावर परत सुरुवात केली ती वेगळ्या नियमांनी. कागद नाही, मोजणी नाही, हातावर घड्याळ नाही, समोर आरसा नाही. आठवड्यातून दोनदा, फक्त माझ्यासमोर, आणि आधी व नंतर खाणं खाऊनच. दर वेळी मी विचारायची : आत्ता दमलीस का, कुठे ताण जाणवतो, थांबावंसं वाटतं का? सुरुवातीला या प्रश्नांना तिच्याकडे उत्तरच नसायचं. शरीराकडून निरोप येतात, हे ती विसरली होती. सप्टेंबरअखेर एकदा मधेच म्हणाली, "आज पुरे." माझ्या लेखी उपचारातला पहिला व्यायाम तो.

टीममध्ये एका मुद्द्यावर वादही झाला. मानसोपचारतज्ज्ञांचं म्हणणं होतं, धावणं हे तिचं प्रेम आहे, त्याच ओढीवर तिला खाऊ घाला. इतकं वजन वाढलं की इतकी मिनिटं मैदान. अनेक ठिकाणी असं करतात, आणि त्याने मुली खातातही. मला ते पटलं नाही. "मग जेवायचं कसं?" हा तिचा आजार होता. धावण्यासाठी जेव म्हणणं म्हणजे तोच सौदा उलटा मांडणं. जेवण कमवायचं नसतं, आणि धावणंही पोळ्या मोजून विकत घ्यायचं नसतं. शेवटी असं ठरलं की मैदानाची चर्चा एखाद्या ताटाशी किंवा काट्यावरच्या आकड्याशी जोडायची नाही. शरीराची एकूण तब्येत तयारी दाखवेल तेव्हा : पाळी परत येईल, हाडाची चीर भरेल, कोणी समोर नसतानाही ती पुरेसं खाईल. डॉक्टरांनी हे मान्य केलं, आणि तिला सांगायचं कामही त्यांनीच केलं, कारण माझ्याशी ती वाटाघाटी करायची.

भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसल्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण. पाहुण्यांमध्ये एक मावशी म्हणाली, "अगं, किती भरलीस गं, छान दिसून राहिलीस!" प्रेमानेच म्हणाली. मुलीने चमचा खाली ठेवला आणि दोन दिवस सगळं पुन्हा अवघड गेलं. घरी असा रुग्ण असेल तर दिसण्यावर काहीच बोलू नये, चांगलंसुद्धा नाही, हे आईने नंतर सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. नवरात्रात उपास करायचा नाही हे आजीने स्वतः ठरवलं. देवीसमोर उभी राहून म्हणाली, "औंदा हिचा उपास मी करते."

दिवाळीत चुलत भावंडं आली. मला आईचा व्हिडिओ आला. गच्चीवर लगोरी चालली होती, त्याच गच्चीवर, जिथे ती पहाटे अंधारात दोरीच्या उड्या मारायची. सात फरशांचे तुकडे रचलेले, चेंडू टाकीवर आदळतोय, भांडणं, चिडाचिडी, ओढाओढी. ती पळत होती, थांबत होती, वाकून हसत होती. यात मोजायला काही नव्हतं. मी तो व्हिडिओ टीमला पाठवला आणि लिहिलं, पुढचा टप्पा सुरू करूया. पुढचे तीन महिने तिचा व्यायाम म्हणजे दोन दिवस माझ्याकडे ताकदीचं काम आणि एक दिवस कुणाबरोबर तरी खेळ, मुख्यतः बॅडमिंटन. एकटीने काहीही करायचं नाही. पट्ट्यांऐवजी आता डंबेल्स आले होते. जानेवारीत पाळी आली.

क्रीडा शिक्षकांना भेटायला मी आणि बाबा गेलो होतो. ते दर शनिवारी मुलींची वजनं सगळ्यांसमोर वहीत लिहायचे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांनाही कोणीतरी तसंच शिकवलं होतं. मी एमआरआयचं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. बराच वेळ बघत राहिले. वही बंद झाली.

बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत धावायचं नाही, हे तिनेच सुचवलं. ताण वाढला की पाय उचलले जातात, हे तिला आता कळत होतं. परीक्षेच्या काळात एकदा पुन्हा उभ्याने अभ्यास सुरू झाला, तेव्हा तिने स्वतः आईला सांगितलं. एप्रिलमध्ये सकाळी साडेपाचला, नाश्ता करून, बाबांबरोबर अंबाझरीच्या रस्त्यावर पहिल्यांदा : एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. बाबा हाशहुश करत मागे. घड्याळ बाबांच्या मनगटावर, तिच्या नाही. आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही.

तेव्हापासून माझ्याकडे नडगी दुखते म्हणून जी कोणी येते, मुलगी असो की मुलगा, तिचा मी आधी हात हातात घेते, झोपवून आणि उभं करून नाडी बघते. आणि तो प्रश्न विचारतेच : नाही धावलीस तर काय होतं? "चुकचुकल्यासारखं होतं" म्हणणारी निश्चिंतपणे घरी जाते. जिचा चेहरा बदलतो, तिच्या आईला मी बाहेर थांबवत नाही, आत बोलावते. घरात अशी शंका असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा, आणि कुठे जावं सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, उभं राहवत नसेल, तर फोनही नको, सरळ रुग्णालय.

गेल्या आठवड्यात ती तपासणीला आली. नाडी ६४, उभं राहिल्यावर ७८. हात कोमट. मी सहज विचारलं, मंगळवारी धावलीस का? म्हणाली, "नाही, पाऊस होता. झोपली मी." मग आईकडे बघून, "आणि उठल्यावर तर्री पोहे खाल्ले. दोन प्लेट."

आई खिडकीबाहेर बघत होती. हाडांची घनता अजून वयाच्या मागेच आहे, पुढची डेक्सा डिसेंबरमध्ये करायची आहे. तोवर शर्यत नाही.